एरिया अंडर द कर्व्ह

परवा मेसमध्ये वाद रंगला : जन्मभरात जास्त कमावतो कोण, खेळाडू की मोठा वकील? रूममेटने लगेच ग्राफ काढला. खेळाडूचा उंच, पण पस्तिशीत संपणारा. वकिलाचा सत्तरीपर्यंत चढणारा. "कर इंटिग्रेट!"

मी गप्प. आमच्या डोंबिवलीहून लोकलने किट वाहणारा अजिंक्य रहाणे २०१३ साली कसोटी खेळला. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या; मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्याच लोकलने माझंही किट जायचं. बारावीला बाबांनी ते माळ्यावर टाकलं.

ग्राफ बरोबर आहे रे, पण तो पोहोचलेल्यांचा. मागे पडलेला वकील निदान कोर्टात तरी उभा असतो. मागे पडलेला खेळाडू मेसमध्ये गप्प बसतो.