स्वल्प नोयुत्ते

मागच्या महिन्यात क्रॉस कंट्रीच्या आदल्या रात्री आमच्या हाऊसमधला सातवीतला एक कॅडेट पांघरुणात कुडकुडत होता. कपाळ तापलं होतं. मला म्हणाला, "सर, प्लीज उस्तादांना सांगू नका. उद्या पळायचंय." मी त्याला उठवलं आणि एम. आय. रूममध्ये घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव यादीतून वगळलं गेलं. पुढे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी असं का केलं हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आमच्याकडची बरीच घरं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पसरली आहेत. पप्पांचं छोटं दुकान बंगळुरूच्या नगरथपेठेत आहे. दुकानावरच्या खोलीत आई, पप्पा आणि धाकटी बहीण राहायची. मी इथे होस्टेलला.

मी आठवीत होतो, छोटी साडेचार वर्षांची. ऑगस्टमध्ये आई फोनवर म्हणाली, छोटीला टायफॉइड झालाय, दवाखान्यात ठेवलंय. पुढच्या प्रत्येक फोनला हेच उत्तर. सहामाही परीक्षा झाली, दिवाळीची सुट्टी लागली आणि मी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळुरूला उतरलो. स्टेशनवर पप्पा एकटेच आले होते. त्यांनी चहा घेतला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "टायफॉइड नाही. रक्ताचा कॅन्सर आहे. तुझ्या परीक्षेमुळं सांगितलं नाही."

मग सगळं सांगितलं. जुलैत छोटी पाय दुखतात म्हणायची. आईला वाटलं, खेळून दमते. नंतर नडग्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले, ताप येऊन-जाऊन राहिला, चेहरा पांढरा पडला. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट फारच कमी निघाल्या. होसूर रोडवरच्या किदवाई कॅन्सर रुग्णालयात हाडातला मगज काढून तपासला आणि नाव कळलं: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हाच. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की उपचार अडीच-तीन वर्षं चालतील, मध्ये सोडून चालणार नाही, आणि नीट पूर्ण केले तर बरीच मुलं बरी होतात.

घरी जायच्या आधी पप्पांनी विचारलं, "सर्दी-बिर्दी नाही ना तुला? असली तर दोन दिवस दुकानात झोप. तिच्यातली रोगाशी लढायची ताकद औषधानं गेलीय."

माझा घसा गाडीतच खवखवायला लागला होता. मी म्हणालो, "नाही." एक तर मला छोटीला बघायचं होतं. आणि दुसरं, आपल्याला सवयच असते. "एनी प्रॉब्लेम?" "नो सर!" हे उत्तर आधी तोंडातून जातं, विचार मागून येतो.

छोटीच्या डोक्यावर एकही केस नव्हता. स्टेरॉइडमुळे गाल फुगले होते. मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाली? "दादा, तुझे पण केस कापले?" आमचा क्रू कट तिला आपल्यासारखाच वाटला. तिला हसू आलं, आईला रडू आलं.

तिसऱ्या रात्री तिला ताप भरला. आईकडे एक दोनशे पानी वही होती. रोजची तारीख, ताप, औषधं, रक्ताचे आकडे, सगळं त्यात. पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: १००.४ च्या वर गेला तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. थर्मामीटर १०१.२ दाखवत होता. दोन वाजता रिक्षाने निघालो. ज्या मुलाच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात त्याला साधा तापही काही तासांत जिवावर बेततो, म्हणून पोचल्या पोचल्या अँटिबायोटिक सुरू करावं लागतं, हे मला त्या रिक्षात कळलं. आईच्या मांडीवर छोटी होती आणि मी माझा घसा गिळत होतो.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर आईला सांगितलं. वाटलं, ती मारेल. तिने वही उघडली, "दादाचा घसा, सोमवारपासून" असं लिहिलं आणि मला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं.

डॉक्टर मराठी समजायच्या. म्हणाल्या, "तुझ्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. पेशी कमी असल्या की अशा मुलांना बरेचदा स्वतःच्या तोंडातल्या, आतड्यातल्या जंतूंपासूनच ताप येतो. पण हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंस. घरातल्या कुणाला काय होतंय हे कळलं, तर काय शोधायचं ते आम्हाला ठरवता येतं."

पप्पा मागे उभे होते. ते एकदम म्हणाले, "डॉक्टर, माझ्या भट्टीच्या धुरानं तर नाही ना झालं? आम्ही दुकानावरच राहतो. तेजाबाचा वास वर येतो." तीन महिने हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला होता. आईलासुद्धा बोलले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक मुलांमध्ये या आजाराचं कारण सापडत नाही. तुमचं काही चुकलं असं मानू नका. पण धुरात कुठलंच मूल वाढवू नये, खोली बदलता आली तर बदला. महिन्याभरात पप्पांनी दुसरीकडे खोली घेतली.

त्या संध्याकाळी आई आम्हा दोघांना म्हणाली, "मी तुला टायफॉइड सांगितला, तू मला घसा सांगितला नाहीस, यांनी धूर सांगितला नाही. आता बास. या घरात कुणी कुणापासून काही लपवायचं नाही."

छोटी नऊ दिवसांनी घरी आली.

घरात खरं सगळ्यात आधी बोलायला लागली ती मात्र छोटीच, आणि तिला ते वॉर्डातल्या एका सिस्टरने शिकवलं होतं. औषध मणक्यातूनही द्यावं लागायचं. इतर लोक म्हणायचे, "काही नाही, मुंगी चावेल." सिस्टर कन्नडमध्ये म्हणायच्या, "स्वल्प नोयुत्ते." थोडं दुखेल. आणि दहापर्यंत मोजायला लावायच्या. मुंगी म्हणणाऱ्यांना छोटी हात लावू द्यायची नाही. सिस्टरांपुढे हात स्वतः पुढे करायची. पुढे ती नव्या आलेल्या मुलांना सांगायला लागली, "स्वल्प नोयुत्ते, आमेले होगुत्ते." थोडं दुखेल, मग जाईल.

खरं सांगितल्यावर मदतही आली. आजार लपवला होता तोवर पप्पा प्लेटलेटसाठी एकटेच धावपळ करायचे. प्लेटलेट पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे दाते पुन्हा पुन्हा लागतात. गल्लीत कळलं तशी आमच्या तालुक्यातली गलाईवाली पोरं हातातली मूस ठेवून रक्तपेढीत जायला लागली. गावाहून आजीने सदाफुलीचा रस द्या म्हणून निरोप पाठवला. डॉक्टर हसल्या. छोटीला मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतूनच मिळतं, पण पानांचा रस विषारी असतो, तो अजिबात देऊ नका, म्हणाल्या. आपल्या परेड ग्राउंडच्या कडेची सदाफुली मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

आईच्या वहीत दर आठवड्याला 'मेथोट्रेक्सेट' लिहिलेलं असायचं. शाळेच्या लायब्ररीत मी त्याच्याविषयी वाचलं. या औषधाच्या आधीचं अमिनोप्टेरिन हे औषध अमेरिकेत यल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलं होतं. ते मूळचे आंध्रातले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. त्याआधी या आजारावर काहीच चालत नव्हतं. मुलं उठून बसायला लागली, पण काही महिन्यांत आजार परत यायचा. फार्बर यांनी लेखाच्या शीर्षकातच 'तात्पुरता उतार' असे शब्द घातले. बरं केलं असं लिहिलं नाही. जेवढं झालं तेवढंच लिहिलं, म्हणून पुढच्यांना कळलं की एक औषध पुरत नाही. मग औषधं एकत्र करून, वर्षानुवर्षं देऊन बघितली गेली. छोटीचे उपचार त्यातूनच आले आहेत.

तिचे उपचार गेल्या वर्षी संपले. केस आले आहेत, शाळेत जाते, भांडते. तपासणीला अजून जावं लागतं आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही. पूर्ण बरी झाली का असं विचारलं की डॉक्टर म्हणतात, "आज सगळं चांगलं आहे." आम्हाला आता तेवढं पुरतं.

पालकांना एक विनंती. परीक्षा बुडेल म्हणून आमच्यापासून घरचं संकट लपवू नका. आम्हाला ते पेलतं. माझी परीक्षा चांगली गेली होती, पण त्या मार्कांकडे बघायला मला अजून नको वाटतं.

आणि सातवीतल्या माझ्या मित्रा, सिक रिपोर्ट करणारा कॅडेट कच्चा नसतो. तुझ्या शेजारच्या बेडवर कोण आहे, त्याच्या घरी कोण आहे, तो सुट्टीत कुणाला भेटायला जाणार आहे, हे तुला माहीत नसतं. मलाही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षीही क्रॉस कंट्री आहे. तू पळशील.