नाव दिल्लीचे, नमुना लघवीचा

भारतीय वंशाचा एक रुग्ण नवी दिल्लीतील उपचारांनंतर स्वीडनला परतला. जानेवारी २००८ मध्ये तेथे त्याच्या लघवीत असा क्लेब्सिएला जीवाणू आढळला, ज्यावर कार्बापेनेम गटातील राखीव प्रतिजैविकेही निष्प्रभ ठरत होती. त्यामागील विकराला नाव मिळाले एनडीएम-१. त्यातील ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. भारतात वाद पेटला तो नावावरून. २०११ मध्ये दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक सापडले. सुरुवात मूत्रमार्गाच्या संसर्गातून झाली होती, हे मात्र विस्मरणात गेले.

हा संसर्ग गर्भवतीला सहज गाठतो. प्रोजेस्टेरॉनमुळे मूत्रवाहिन्या शिथिल होतात, वाढते गर्भाशय त्यांवर दाब देते, मूत्र तुंबते. पुष्कळदा ना जळजळ, ना ताप. तरीही जीवाणू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. औषधांची यादी तिच्यासाठी आधीच तोकडी. टेट्रासायक्लिन व फ्लुओरोक्विनोलोन सहसा वर्ज्य. नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ येताच टाळतात. उरतात मुख्यतः पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन. ईएसबीएल विकर बाळगणारा ई. कोलाय नेमकी हीच औषधे निकामी करतो. मग शिरेवाटे कार्बापेनेम. आणि एनडीएम तोडतो ते त्यालाच.

योग्य औषध कोणते, हे लघवीचे कल्चर सांगते. अहवालाला साधारण दोन दिवस लागतात. गाझियाबादहून दिल्लीच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या मजूर स्त्रीसाठी ते दोन दिवस म्हणजे आणखी एक खेप आणि आणखी एक बुडालेला रोज. गोळी बहुधा त्याआधीच हाती पडते, अंदाजाने लिहिलेली.