सोलापुरी

आमच्या घरातल्या चादरीला उलट बाजू नव्हती. एका अंगाला लाल जमिनीवर पांढरा मोर, पालटली की पांढऱ्या जमिनीवर लाल. दुहेरी विणीची ही किमया जेकार्डची. मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि ताण्याचा कुठला धागा उचलायचा, ते त्या भोकांवर ठरतं. लहानपणी शेजारच्या मागवाल्या काकांकडे मी त्या माळेकडे टक लावून बसायचो. खडखडाटात काका-काकू एकमेकांशी ओठांच्या हालचालींवर बोलत, तेही तेलुगूत.

काका आधी गिरणीत होते. सोलापुरात पहिली गिरणी 1877 साली आली, पुढे तिचं नावच ‘जुनी मिल’ पडलं. साठच्या दशकात ती बंद झाली, नव्वदीत लक्ष्मी-विष्णू मिलही गेली. पण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची विद्या गिरणीच्या फाटकाआत कोंडलेली नव्हती. शहराच्या पूर्व भागात घरोघर हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. सोलापूर तगलं ते या घरांमुळे, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

तरी एक सल आहे. गिरणीत हजेरीपट होता, बोनस होता, फंड होता. मागावर बहुतेकांना विणलं तेवढीच मजुरी. पुरुषाचा माग थांबला की घर बाईच्या विड्यांवर चाले. त्या बायकांसाठी शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, 2006 साली घरांचा ताबा मिळाला. शहराने कात टाकली म्हणतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ती घरं येतात.

नोकरीसाठी पुण्याला आलो तेव्हा वळकटीत चादर होती, लग्नात आहेरातही चादरीच आल्या. माझ्या मुलीला मात्र ती जड वाटते. आता बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून कृत्रिम धाग्याची, परगावची गुळगुळीत चादर सर्रास गळ्यात मारतात. भौगोलिक मानांकन असूनही हे चालतं, याचा संताप येतो.

कितीतरी माग टॉवेलकडे वळले. आता गाव गणवेश शिवतंय. काकांचा नातू अशाच एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे. शाळा उघडायच्या आधी रात्रीही काम असतं, पावसाळ्यात निम्म्यावर येतं. यंदा भेटला तेव्हा मी त्याला फंडाचं विचारलं.

“मालकाशी बोलणं चालू आहे,” तो म्हणाला.