रागीचा हुंकार

बाहेरचा माणूस आमच्या भिलाईला ओळखतो तो पोलादासाठी. रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला कारखाना, 1959 मध्ये सुरू झालेली पहिली झोतभट्टी, देशभर जाणारे रेल्वेचे रूळ. ठीकच आहे. मला मात्र हे गाव तीजनबाईंचं वाटतं. जवळच्या गनियारीत 1956 साली जन्मलेल्या, आजोबांच्या तोंडून महाभारत ऐकत वाढलेल्या तीजनबाईंनी याच कारखान्यात नोकरीही केली. बायकांनी पंडवानी, म्हणजे महाभारताची ही कथा, गायची तर बसून, असा रिवाज होता. या उभं राहून, पुरुषांच्या कापालिक ढंगात गायल्या आणि गाण्यापायी जातीबाहेर फेकल्या गेल्या.

चित्रफीत लावली की माझी नजर त्यांच्या तंबोऱ्यावरून हलत नाही. मोरपिसं लावलेला तो तंबोरा खांद्यावर चढला की गदा, आडवा धरला की धनुष्य. दुःशासनवध रंगात आला की बाई क्षणात दुःशासन, क्षणात द्रौपदी, क्षणात भीम. द्रौपदीसाठी डोळे कुणाचेही भरून येतात. दुःशासनाचा माज अंगात भिनवायचा, पण त्याच्या बाजूचं व्हायचं नाही, हे कठीण.

सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्ता मांडली ती जवळपास अशीच: आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला भेद जाणायचा आणि त्या जोरावर वागायचं. आता कचेऱ्यांत तिची शिबिरं भरतात. प्रमाणपत्रही मिळतं म्हणे!

मला तर रागी जास्त आवडतो. गाणारीच्या जोडीला असलेला हा साथीदार ओळीओळीला 'हव' म्हणत हुंकार भरतो, मध्येच भाबडेपणानं पुढचं विचारतो. गोष्ट त्याला तोंडपाठ असते, तरी विचारतो. गाणारीला दम घ्यायला मिळतो आणि आपल्या मनातला प्रश्नही परस्पर विचारला जातो.

आमच्या सेक्टरमध्ये नागपूरकडच्या एक काकू होत्या. सल्ले द्यायला गल्लीत पुष्कळ जण. पण सासूनं टोचलेली, नवऱ्याच्या नाईट शिफ्टनं वैतागलेली बाई जायची ती काकूंकडेच. काकू मेथी निवडत 'मंग?' एवढंच म्हणायच्या. एकदा मी विचारलं, ''काकू, तेच तेच ऐकून कंटाळत नाही तुम्ही?''

''तेच कुठं राह्यते रे?'' त्या म्हणाल्या. ''दरवेळी काही ना काही नवीन निघते.''