ग्नॉस्टिक विचारातील ‘निवडलेले’ : स्वभाव, हाक आणि प्रतिसाद

मराठीतील ‘निवडणे’ या क्रियापदाला परस्परांहून भिन्न असे दोन अर्थ आहेत. अनेकांमधून एकाला पसंत करणे हा एक. आणि धान्य निवडताना जे अभिप्रेत असते ते, म्हणजे एकत्र मिसळलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करणे, हा दुसरा. पहिल्या अर्थात निवडणाऱ्याची इच्छा निर्णायक असते आणि निवडल्या गेलेल्याला काही नव्याने प्राप्त होते: प्रतिष्ठा, अधिकार, क्वचित सिंहासन. दुसऱ्या अर्थात असे काही घडत नाही. सुपात येण्यापूर्वीही तांदूळ तांदूळच होते आणि खडे खडेच. निवडण्याने ते केवळ उघड झाले. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात जे पंथ व जे विचारप्रवाह उदयास आले आणि पुढे ‘ग्नॉस्टिक’ या काहीशा सैल नावाखाली एकत्र गणले गेले, त्यांच्यातील ‘निवडलेले’ या संकल्पनेची चर्चा प्रायः या दुसऱ्या अर्थाच्या चौकटीत होत आली आहे. ही चौकट पुरेशी आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

या चौकटीचा मुख्य शिल्पकार ग्नॉस्टिकांचा विरोधक होता, ही बाब लक्षात घ्यावयास हवी. लियाँचा बिशप आयरिनिअस याने इ. स. 180 च्या सुमारास पाखंडांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. व्हॅलेंटिनसच्या अनुयायांविषयी तो सांगतो, की ते मानवांचे आत्मिक, प्राणिक आणि जड असे तीन वर्ग मानतात आणि आदामाचे तीन पुत्र, शेथ, हाबेल व काईन, हे या तीन प्रकृतींचे द्योतक समजतात. जडांचा नाश अटळ. प्राणिकांना श्रद्धा आणि सदाचरण यांच्या बळावर मर्यादित मुक्ती. आत्मिक मात्र स्वभावतःच तरलेले. चिखलात पडल्याने सोन्याचे सोनेपण जात नाही, असा दृष्टान्त ते देतात, असेही तो नोंदवतो. आयरिनिअसचा आक्षेप उघड आहे. मुक्ती स्वभावाने मिळत असेल, तर आचरणाला अर्थ उरत नाही आणि उरतो तो केवळ अहंकार.

ही साक्ष निराधार नाही; पण ती प्रतिपक्षाची साक्ष आहे. 1945 मध्ये उत्तर-इजिप्तमध्ये नव्हे, तर नाईलच्या वरच्या खोऱ्यात, नाग हम्मादीजवळ, कॉप्टिक भाषेतील तेरा हस्तलिखित ग्रंथांचा संग्रह सापडला आणि ज्यांच्याविषयी शतकानुशतके केवळ ऐकिवात होते त्यांचे स्वतःचे शब्द वाचता येऊ लागले. या संग्रहातील ‘सत्याचे शुभवर्तमान’ हा ग्रंथ निवडलेपणाविषयी वेगळ्याच भाषेत बोलतो. तेथे मध्यवर्ती रूपक धातूचे नाही, नावाचे आहे. ज्यांची नावे पित्याला आधीपासून ठाऊक आहेत, त्यांना शेवटी हाक येते. हाक आलेला माणूस ती ऐकतो, उत्तर देतो, हाक देणाऱ्याकडे वळतो. नशेतून बाहेर पडलेल्या माणसाला आपण कोण, कोठले, हे उमगावे तशी ही अवस्था होय. नाव आधीपासून असणे ही झाली स्वभावाची बाजू. परंतु ऐकणे, उत्तर देणे आणि वळणे या तीन क्रिया ज्याच्या त्यालाच कराव्या लागतात. तांदळाला असे काहीही करावे लागत नाही.

‘त्रिविभागी प्रबंध’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ याहून पुढे जातो. मानवांच्या तीन प्रकारांचे वर्गीकरण त्यातही आहे. किंबहुना आयरिनिअसच्या वृत्तान्ताशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. परंतु कोण कोणत्या प्रकारचा, हे तारणकर्ता येईपर्यंत कळत नाही, असे हा ग्रंथ म्हणतो. त्याच्याकडे तत्काळ धाव घेणारा आत्मिक, संकोचत पुढे येणारा प्राणिक, पाठ फिरवणारा जड. येथे प्रकृती हे प्रतिसादाचे कारण आहे की प्रतिसादालाच दिलेले नाव आहे, हे ठरविणे सोपे नाही. शेथपरंपरेतील ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ आणखी एक अडचण उभी करते. जाणून घेतल्यावर पाठ फिरविणाऱ्यांसाठी त्यात पश्चात्तापालाही जागा नसलेल्या शिक्षेचे स्थान सांगितले आहे. सोने पुन्हा चिखल होऊ शकत नसेल, तर या इशाऱ्याचे प्रयोजन काय?

हा पेच त्या काळातही ओळखला गेला होता. व्हॅलेंटिनसपंथी हेराक्लिऑनने योहानाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिले. त्याचे अवशेष तिसऱ्या शतकातील ऑरिजेनने केलेल्या खंडनातूनच हाती येतात. विहिरीवरील शोमरोनी स्त्री हे आत्मिक प्रकृतीचे उदाहरण असून तिने तिच्या स्वभावाला साजेशी निःशंक श्रद्धा दाखविली, म्हणून हेराक्लिऑन तिची प्रशंसा करतो. ऑरिजेन नेमके येथेच बोट ठेवतो: प्रशंसा तिच्या निर्णयाची असेल तर मान्य, परंतु तो निर्णय स्वभावाने आधीच ठरलेला असेल, तर प्रशंसा कशाची? आधुनिक अभ्यासकांपैकी इलेन पेगल्स यांनी 1973 मधील आपल्या ग्रंथात हा स्वभाववाद म्हणजे नियतिवाद नव्हे, असे प्रतिपादन केले. पुढे मायकेल विल्यम्स (1996) आणि कॅरन किंग (2003) यांनी ‘ग्नॉस्टिसिझम’ या एकसंध कोटीलाच आव्हान दिले. तेव्हा निवडलेपणाचा एकच ‘ग्नॉस्टिक सिद्धान्त’ होता, असे आता सरसकट म्हणता येत नाही.

तथापि या पुनर्वाचनातून त्या ग्रंथांना निर्दोष ठरविण्याची घाई होऊ नये. जन्मावरून ज्ञानाचा अधिकार ठरविणारी व्यवस्था ज्या समाजाने अनुभवली आहे, तेथील वाचकाच्या कानाला ‘जड’ हा शब्द टोचणारच, आणि तो टोचावा. वर्ग प्रतिसादावरून ठरत असला, तरी पाठ फिरविणाऱ्याला ‘हा मुळातच तसा’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय त्यात आहे. ज्याला ऐकू आले नाही, त्याच्यापर्यंत हाक पोहोचली होती काय, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

साहित्यसमीक्षेला हा प्रश्न परका नाही. फ्रँक करमोड यांनी 1979 च्या ‘द जेनेसिस ऑफ सीक्रसी’ या ग्रंथात मार्कच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तांच्या आधारे कथनाच्या आतले आणि बाहेरचे असा भेद तपासला आणि अर्थनिर्णय करणारा प्रत्येक जण आत असल्याच्या भ्रमात असला, तरी अंशतः बाहेरच असतो, हे दाखविले. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ हाही एका अर्थी निवडलेलाच. परंतु अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ होण्यावर भर दिला, हे विसरता येत नाही. सहृदयता ही केवळ जन्माची देणगी मानली, की समीक्षा आयरिनिअसने वर्णिलेल्या आत्मिकांच्या ओळीत जाऊन बसते.

‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात अंतर्भूत झालेले मोत्याचे सिरियाक गीत शुद्ध ग्नॉस्टिक आहे की नाही, याविषयी मतभेद आहेत. पण या प्रश्नाला त्याच्याइतके जवळून भिडणारे आख्यान विरळा. मोती आणण्यासाठी इजिप्तला पाठविलेला राजपुत्र तेथील अन्न खाऊन आपले राजपुत्रपण विसरतो. घरून पत्र येते. ते वाचताना त्याला कळते, की पत्रात जे लिहिले आहे तेच आपल्या हृदयावर कोरलेले होते. राजपुत्रपण गेलेले नव्हते. पण पत्राविना ते असून नसल्यासारखेच होते. आणि पत्र आल्यावरही मोती त्यालाच मिळवावा लागतो.

व्हॅलेंटिनसचा अनुयायी टॉलेमी याने फ्लोरा नावाच्या स्त्रीला लिहिलेले पत्र एपिफेनिअसने उतरून ठेवल्यामुळे वाचले. मोशेच्या नियमशास्त्रातील थर तो तिला संयमाने उलगडून दाखवितो, पात्र ठरल्यास पुढचे शिकविण्याचे आश्वासन देतो आणि शेवटी चांगल्या जमिनीत पडलेल्या बियाण्याची उपमा योजतो. ती कोणत्या वर्गातली, हे तो आधी विचारीत नाही. निवडलेपण केवळ स्वभावात असते, तर हे पत्र लिहिण्याची गरजच नव्हती. ग्नॉस्टिक निवडीचा जो अर्थ आजही विचारात घेण्याजोगा आहे, तो या शिकविण्याच्या कृतीत आहे: समोरच्याला ऐकू येईल असे गृहीत धरून हाक देणे, आणि उत्तर येण्यापूर्वी त्याचा वर्ग न ठरविणे.