लेन्स कपाट ठरवतं

आठवडाभर मी बारामतीत डोळ्यांच्या हॉस्पिटलात नंबर काढते आणि रविवारी इंदापुरात चष्म्याच्या दुकानात. दोन्हीकडे मीच असते, तरी माझ्या हातून जाणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स वेगळ्या असतात.

दुकानात कपाट ठरवतं. त्यात महिनाभर वापरायच्या साध्या नंबरच्या लेन्स, लगीनसराईत रंगीत. सिलिंडरचा नंबर असला की त्यासाठीची टोरिक लेन्स पुण्याहून मागवायची, आणि गिऱ्हाईकाला ती हळदीच्या आत हवी असते. उणे आठची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चष्म्याचाच नंबर द्या ना." चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे आठाचे सव्वासात होतात. पण लेन्स बुबुळाच्या गोलाईशी जुळावी लागते, आणि ती मोजायचं यंत्र दुकानात नव्हतं. तिला बारामतीला बोलावलं.

हॉस्पिटलात स्लिट लॅम्प आहे, आरजीपी म्हणजे कडक लेन्सचा ट्रायल सेट आहे. भिगवणकडचा एक पोरगा यायचा, केराटोकोनसचा. बुबुळ पुढे निमुळतं झालेलं, चष्म्याने वरच्या ओळींपुढे सरकत नव्हता. लेन्स घालून डोळ्यात फ्लुरेसिन सोडलं, निळ्या उजेडात पाहिलं. मधोमध काळा डाग, म्हणजे लेन्स टोकावर दाबतेय. बदलली, पुन्हा बदलली. काळा डाग विरळ झाला, हिरवा रंग सगळीकडे पातळ पसरला, आणि पोरगा तक्त्यावर थेट खालपर्यंत वाचत गेला. हे काम दुकानात होणं नाही.

पण साधी लेन्स मागणाऱ्याला हॉस्पिटलात कुणी उभं करत नाही. उसाचं पातं लागून बुरशीने डोळा गेलेले पेशंट डॉक्टर रोज बघतात. निरोगी डोळ्यालाही ते म्हणतात, "चष्माच बरा." शिवाय लेन्स घालायला-काढायला शिकवण्यात तास जातो आणि ओपीडीची रांग दारापर्यंत असते. तो माणूस मग दुकानातून डबी घेतो आणि घरी बोअरच्या पाण्याने लेन्स धुतो. त्या पाण्यातला अकँथामिबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात. भीतीपोटी नकार दिला आणि शिकवलंही नाही, तर धोका टळत नाही. अशा नकाराचा मला मनापासून राग येतो.

इंदापुरात आता स्वतःच्या हाताने लेन्स घालता-काढता आल्याशिवाय डबी द्यायची नाही, हे मालकांनी मान्य केलंय. उणे आठच्या त्या मुलीला आधी नखं कापायला लावली. बारामतीत मी आठवड्यातली एक दुपार फक्त लेन्ससाठी मागितली आहे.