पडशी

मोटारसायकलवर सामान कसं लावावं हे सांगणारे बहुतेक सगळे गाडी चालवणारे असतात. मागे बसणारीला कुणी विचारत नाही, म्हणून हा प्रपंच. १९७८ पासून मी मागच्या सीटवर बसते आहे आणि सामान बांधण्याचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे.

तेव्हा आमच्याकडे येझदी होती. मी पाचवारी नेसायची, शाळेत आणि गाडीवरही, आणि अर्थात एका बाजूला बसायची. दोन्ही पाय डावीकडे. म्हणजे डाव्या बाजूला काही लावायचा प्रश्नच नाही, आणि नुसतं उजवीकडे लावलं तर गाडी तिकडे ओढणार. त्यात येझदीला दोन्ही अंगांना सायलेन्सर. मग एक वळकटी मागे कॅरिअरवर, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेली, आणि एक पिशवी माझ्या मांडीवर. कितीतरी वर्षं आम्ही असेच फिरलो. पन्नाशीला मी पंजाबी ड्रेस घालू लागले, दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले, आणि गाडीची डावी बाजू पहिल्यांदा मोकळी झाली!

आता ज्याला 'सॅडल बॅग' म्हणतात ती आपली पडशीच. मध्ये पट्टा, दोन्हीकडे पिशव्या. माणसाच्या खांद्यावर टाका नाही तर घोड्याच्या पाठीवर. वर्गात 'खोगीरभरती' शब्द शिकवताना मुलं हसायची, पण त्या शब्दाचा खरा अर्थ मला प्रवासाचं सामान भरताना कळला. असो.

मुद्दा असा की दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सांधा बदलला. डॉक्टरांनी पुढे गाडीवर बसायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. हे एका संध्याकाळी शांतपणे म्हणाले, "तुला बसता आलं तर ठेवू, नाही तर बुलेट विकून टाकू. एकट्याने फिरण्यात मला रस नाही." ह्यांचं वय ७६. म्हणजे विकली की विकली.

गाडीवर डावीकडून चढायचं असतं. डावा पाय फूटरेस्टवर ठेवून उजवा पाय सीटवरून पलीकडे न्यायचा. नेमका तोच माझा ऑपरेशनचा पाय. सीटच्या मागे कॅरिअरवर उंच बॅग असेल तर पाय तिला अडतो. तेव्हा मागची बॅग बाद. नातू म्हणाला, ॲल्युमिनियमच्या पेट्या लावा, कुलूप लागतं, पाणी शिरत नाही. दोन्ही खरं आहे. पण त्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट ह्यांचंच वजन इतकं, की एक साडी ठेवायच्या आधीच गाडी जड. शिवाय वळवताना गाडी कलंडली, तर पाय पेटीखाली चेचला जाऊ शकतो. कापडी पिशवी निदान दबते. कुलूप नाही म्हणावं, तर मुक्कामी काढून खोलीत न्यायची. आमच्या वयाला चोराची भीती कमी, विसरण्याची जास्त.

म्हणून पडशी घेतली. खरा अभ्यास सुरू झाला तो ती बसवताना. जोडणारे पट्टे सीटवरून घ्यायचे नाहीत, सीट काढून तिच्याखालून घ्यायचे. नाही तर चार तास त्या पट्ट्यांवर बसावं लागतं, आणि बसणार मी! पिशव्या माझ्या पोटरीच्या मागे राहतील इतक्या मागे सरकवल्या, पण त्याहून मागे नाही, कारण शेपटाकडे वजन गेलं की हॅन्डल हलकं होतं. डावीकडे साडी गार्डने पिशवी चाकापासून लांब धरली. साडी सुटली तरी तो कामाला आला. उजवीकडे चाकाची बाजू सांभाळायला एक लोखंडी स्टे बसवून घेतला आणि सायलेन्सरपासून चार बोटं अंतर ठेवलं. गाडी दोघांच्या वजनाने दबते, म्हणून हे माप आम्ही बसलेले असताना मेकॅनिककडून घेतलं. पट्टे फ्रेमला किंवा कॅरिअरच्या नळीला बांधले, इंडिकेटरच्या दांडीला नाही. उरलेली टोकं दुमडून खोचायची; लोंबणारा पट्टा चेनमध्ये जातो. हुकवाला लवचिक दोर मी घरात ठेवत नाही, तो सुटला तर सरळ डोळ्यावर येतो.

मग दोन्हीकडे पाच-पाच किलो तांदूळ भरून अंगणात चढाउतारीचा सराव केला. पहिल्या दिवशी भिंतीला हात लावून. आठवड्याने ह्यांच्या खांद्याला. शेजारच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी काय समज करून घेतला असेल कोण जाणे.

आता ठरलंय ते असं. दसऱ्यानंतर कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मुक्काम गुहागर. परतीचा पाऊस गाठू शकतो. पिशवीवर घालायचं रेनकव्हर वरचा पाऊस थोपवतं, चाकाने उडवलेलं पाणी खालून शिरतं. म्हणून कपडे आत वेगळ्या पिशवीत, तोंड तीनदा गुंडाळून. जड वस्तू तळाशी आणि पुढच्या अंगाला, दोन्ही बाजूंचं वजन काट्यावर सारखं. गाडीच्या पुस्तिकेत दोघांसाठी मागच्या चाकात हवा जास्त सांगितली आहे, तेवढी भरायची. पहिल्या पंधरा किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण सामान बसतं आणि पट्टे सैल होतात. तिथे चहाही होतो.

मुलीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, निदान औषधं डाव्या पिशवीत की उजव्या, ते लिहून पाठव." डाव्या, वरच्या खणात. माझी आणि ह्यांची वेगवेगळ्या डब्यांत, नाव घालून.

उजव्या बाजूला अजून अर्धा किलो कमी भरतंय. हे म्हणतात, चहाचा छोटा स्टोव्ह घेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही.